शेंडगे सरांची कमान

पाश्चात्त्य वास्तुकलेच्या इतिहासाचा पहिला तास शेंडगे सर पुस्तक न उघडता घ्यायचे. बारामतीच्या आमच्या कॉलेजात ते मुलांना जोडीनं समोरासमोर उभं करायचे, तळहाताला तळहात टेकवायला लावायचे आणि म्हणायचे, "आता पाय मागं सरकवा. पडत न्हाय ना? ही झाली रोमन कमान."

माझी जोडी जमली नव्हती. मी खिडकीशी बॅगेची चेन लावत राहिले. सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि माझ्यासमोर येऊन स्वतःचे तळवे पुढे धरले. "टेक की. ग्रीकांचा खांब एकटा उभा राहतोय. कमानीला मातूर दुसरं कुणीतरी लागतंय."

इंग्रजी शाळेतून आलेल्या मला पार्थेनॉनसारख्या ग्रीक मंदिराबद्दल अशा बोलीत ऐकायची सवय नव्हती. आठवड्याभरात दुसऱ्या कुठल्या बोलीत ते पटेनासं झालं. सरांनी रोम पाहिलं नव्हतं. जन्मभर शिकवलेली कमान स्वतः कधी बांधलीही नव्हती, आणि ते हे लपवत नसत. "बांधताना दिलेला खालचा आधार काढल्यावर राहती का पडती, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचंय," म्हणायचे.

निवृत्तीनंतर ते कळसला, आपल्या गावी गेले. पत्नी आधीच वारल्या होत्या, मुलगा परदेशात. एक दिवस फोन आला. "पेरूच्या बागेत कमान बांधतोय. दोन्ही बाजू बरोबरीनं चढवाव्या लागत्यात. येतीस का?" मला फोनवर नाही म्हणता येत नाही, म्हणून गेले. मग दर रविवारी एसटीनं जातच राहिले. लाकडी आधारावर ते डावीकडून विटा रचत, मी उजवीकडून. त्यांची बाजू जरा वाकडीच चढली.

शेजारचे आबा बांधावरून चिडवायचे, "सर, दार झालं. घर कुठं हाय?"

"आबा, रोममधी बी घरं पडली. दारंच राह्यलीत."

माथ्यावरची शेवटची वीट त्यांनी मला बसवायला दिली. "चुना वाळू दे. मग आधार काढू, दोघं मिळून." चुना वाळायच्या आधीच सर झोपेत गेले.

दहाव्यानंतर मी बागेत गेले. आधार तसाच होता. मागोमाग आबा आले.

"ऱ्हाऊ दे ना पोरी तसंच. पडली म्हंजी?"

"सरांना बघायचं होतं," मी म्हणाले.

मी आधाराखालच्या पाचरी ठोकून सैल केल्या. आधार खचकन खाली बसला. वरून थोडा चुना सांडला. मग काहीच झालं नाही.

"राह्यली की वं!" आबा म्हणाले, जरा वेळ बघत राहिले आणि विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेले.

मी कमानीच्या वाकड्या बाजूसमोर आले. दोन्ही तळहात विटांना टेकवले आणि पाय थोडे मागे सरकवले.