श्वासाच्या जागा

शेवटचं भेटलो तेव्हा वामनच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि बोलायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. वामनला गप्प बसायला सांगणं म्हणजे समुद्राला जरा हळू बोल म्हणण्यासारखं. पालघरच्या त्या दवाखान्यात मी त्याच्या पलंगाशी बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून हलक्या आवाजात वरुणाचं सूक्त म्हणू लागलो. पहिल्याच ऋचेत माझा दम संपला, मी थांबलो... आणि चादरीवरचं त्याचं बोट हललं. वर, खाली, वर. माझ्यापुढचे शब्द तो बोटाने, स्वरांच्या चढउतारासकट म्हणत होता. बोट टेकलं तसा मी पुन्हा सुरू झालो. असं ते सूक्त आम्ही पुरं केलं. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, गेले हो." त्यापुढे त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

त्याचं नाव वामन कुणी ठेवलं देव जाणे. बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो प्रत्येक दारातून वाकून आत यायचा. तो कराडकडचा, मी परभणीचा. दोघेही पोटासाठी बोईसरच्या कारखान्यांत आलेले, आणि दोघांनाही सूक्तं लहानपणी घरातच मिळालेली. ओळख झाली ती गणपतीत. मंडळाने पुरुषसूक्त म्हणायला आम्हाला शेजारी बसवलं. दोघांनी जोरात सुरुवात केली आणि मध्येच, नेमका एकाच जागी, दोघांनीही श्वास घेतला. पोरांना वाटलं, संपलं. झांजा सुरू झाल्या, बाप्पाचा जयजयकार झाला, प्रसादाची ताटं फिरली. सूक्त अर्धं राहिलं आणि आम्ही दोन शहाणे हातात शिरा घेऊन एकमेकांकडे बघत बसलो.

त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "हे बघ, तू दम घेशील तिथे मी धरून ठेवीन. मी घेईन तिथे तू धर. तार तुटता कामा नये." मग आम्ही एकेका सूक्तातल्या श्वासाच्या जागा ठरवल्या, भांडून भांडून ठरवल्या. लांब पल्ल्याच्या जागा त्याने स्वतःकडे ठेवल्या, कारण दम त्याचा मोठा. तेव्हा होता. देवांशीही त्याचं असं घरच्यासारखं चालायचं. रात्रपाळीहून येऊन झोपला की उठल्यावर उषेची माफी मागायचा, "आज उशीर झाला बाई." इंद्राशी त्याचं फारसं जमलं नाही. "फार फुशारक्या मारून घेतो," म्हणायचा. त्याचा खरा देव वरुण. पाखरांच्या आणि नौकांच्या वाटा ज्याला ठाऊक, तो वरुण. "याच्याजवळ चूक कबूल करता येते. हा आधी ऐकून घेतो," असं त्याचं मत.

म्हणून रविवारी सकाळी त्याच्या स्कूटरवरून जवळच्या दांडी गावाला, समुद्रावर जायचं. वरुणाला पंख्याखाली बसून कसली हाक मारायची, असा त्याचा सवाल. किनाऱ्यावर काशीबाय नावाची कोळीण काठ्यांवर बोंबील वाळत घालत असायची, आणि वारा नेमका आमच्याकडे. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल लावला, तर वामन खवळला, "त्याच्या दारात यायचं आणि त्याच्याच मासळीला नाक मुरडायचं? काढ तो रुमाल!" काशीबाय पोट धरून हसली. पुढे आम्ही कधी उशिरा पोहोचलो तर तीच विचारायची, "आज देव वाट बगून गेला ना, काका?"

तेराव्याला वहिनी म्हणाल्या, "त्यांचं वरुणाचं म्हणा ना, भाऊजी." मी सुरुवात केली. पहिली श्वासाची जागा आली, मी सवयीने थांबलो, आणि पुढे कुणी नव्हतं. शब्द मला ठाऊक होते, पण इतकी वर्षं ते माझ्या तोंडून गेलेच नव्हते. ते मला वामनच्या आवाजात ऐकू येत होते, जिभेवर मात्र येईनात. सगळं सूक्त पाठ आहे अशी माझी ऐट होती. तोंडपाठ होतं ते अर्धंच. दोनदा अडखळलो. "राहू द्या," वहिनी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. घरी येऊन मी ते शब्द घोकले. आलेसुद्धा. पण म्हणताना वाटे, त्याच्या ताटात जेवायला बसलोय. मग वरुणाचं नावच घेईना झालो. सकाळी चहा पितो, गॅलरीत उभा राहतो, खाली कामावर निघालेली माणसं बघतो. फार एकटं वाटतं. आता या गावात माझ्याशी भांडायला कुणी नाही.

गेल्या रविवारी न राहवून रिक्षा केली आणि दांडीला गेलो. काशीबायने लांबूनच हाक मारली, "काका, एकलेच? दुसरे काका नाय आले?" मी सांगितलं. तिने हातातली टोपली खाली ठेवली. "आमाला कोन सांगनार..." एवढंच म्हणाली आणि वाळूत बसली. मी नेहमीच्या जागी बसलो. डाव्या हाताला त्याची जागा मोकळी सोडली. आज घोकलेलं सगळं सलग म्हणून दाखवायचं, असं ठरवूनच आलो होतो. सुरुवात केली, पहिली श्वासाची जागा आली, शब्द ओठांवर आले, आणि मी ते म्हटले नाहीत. लाटा ऐकत थांबलो, मग माझे शब्द म्हटले. पुन्हा थांबलो.

"मधीमधी थांबता कशाला, काका? इसरलात काय?"

"नाही. तिथलं त्याचं आहे."

बोंबील उलटायला ती उठेल असं वाटलं, पण बसून राहिली. मी पुढची ऋचा धरली. सर्वांत लांब जागा तिच्यात होती, त्याने भांडून घेतलेली. तिथे पोहोचलो, थांबलो, श्वास घेतला. किती वेळ थांबायचं ते कळेना, म्हणून खाली पाहिलं. मांडीवर माझंच बोट हलत होतं. वर, खाली, वर... ते टेकेपर्यंत मी थांबलो.