सुनेसाठी केलेली प्रार्थना

"हे स्वर्गीय पित्या, माझ्या सुनेने लग्नाआधी पोट पाडलं, ते पाप तिला क्षमा कर." तीस बायकांसमोर, डोळे मिटून, मोठ्या आवाजात मी हे म्हणाले. आमेन म्हणून डोळे उघडले तर सून दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. तिने ट्रे खाली ठेवला, एक थेंब सांडला नाही, आणि आत निघून गेली.

बुधवारची बायकांची प्रार्थना त्या आठवड्यात जळगावला आमच्या घरी होती. मी चौथी शिकलेली, पण प्रार्थना करण्यात मंडळीत माझा हात धरणारी कोणी नव्हती. त्या दिवशीही चोपड्याकडची एक बाई डोळे पुसत म्हणाली, "अक्का, काय प्रार्थना करी तू! बठ्ठ्या रडी पडन्यात." सगळ्या रडल्या हे ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

ती गोष्ट सुनेने मला स्वतःहून सांगितली होती, पंधरा दिवसांपूर्वी. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर घ्यायची. मनात पाप लपवून ती भाकर घ्यायची नाही, असं तिने मनावर घेतलं होतं. माझ्या मुलाला सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून आधी मला सांगितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाने माफ केलं. हे आता आपल्या दोघींत." पश्चात्ताप तिचा होता. मी त्याची प्रार्थना करून दाखवली.

संध्याकाळी मुलगा कारखान्यातून आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो तिला धुळ्याला माहेरी सोडून आला. मी म्हणाले, "चूक माझी आहे, तिला घेऊन ये." तो म्हणाला, "का? तू खोटं बोललीस का?"

मग मी आणखी एक घाण केली. पुढच्या रविवारी उपासनेत उभी राहून साक्ष दिली. मी माझ्या सुनेचं गुपित फोडलं, मला क्षमा करा, म्हणून रडले. ज्या पुरुषांच्या कानावर ते गेलं नव्हतं त्यांनाही त्या दिवशी कळलं. पाळकसाहेब म्हणाले, "असं नम्र मन सगळ्यांना मिळो." पदराने डोळे पुसताना मी बघत होते, आणखी कोण कोण रडतंय ते. तेव्हा माझी मलाच किळस आली.

एसटीने धुळ्याला गेले. दार तिनेच उघडलं.

"या, आई. चर्चमध्ये माझी माफी मागितली म्हणे तुम्ही?"

"हो."

"माझं नाव घेऊन?"

मी मान खाली घातली.

"मग इथे कशाला आलात? इथे तर ऐकायला कोणीच नाही."

"म्हणूनच आले," मी म्हणाले. "माझं चुकलं. मला माफ कर."

तिने पाणी दिलं, चहा केला. मी कप ठेवला तेव्हा म्हणाली, "देवाने तुम्हाला माफ केलं असेल, ते त्याचं तो बघेल. माझ्याच्याने होत नाही. आणि आता येत जाऊ नका, गल्लीतल्या बाया विचारतात." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काही आशा धरली असती.

त्यानंतर मी प्रभुभोजन घेत नाही. ताट आलं की पुढे सरकवते. शेजारची म्हणते, "केवढी देवभीरू आहेस गं!" मी तिला सांगून पाहिलं की तसं नाही. तिला तेही नम्रतेचंच बोलणं वाटतं. बुधवारच्या प्रार्थनेला आता मी तोंड उघडत नाही. घरी उघडायला जाते, तर सुरेख वाक्यं आपोआप यायला लागतात, म्हणून तिथेही गप्प बसते.

मुलगा माझ्याजवळच आहे, दोन वेळा जेवतो, कामावर जातो. सून धुळ्याला एका बालवाडीत शिकवते. भोगलं ते तिने. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.