गोटीरामशेठचं मत्स्यशास्त्र

पडदा वर जातो. बंदराजवळच्या द्रोणागिरी वसाहतीतल्या एका इमारतीचा तिसरा मजला, रविवारची सकाळ. भिंतीला लागून काचेच्या अकरा टाक्या, प्रत्येकीत पंपाचे बुडबुडे. खिडकीबाहेर कंटेनरच्या ट्रेलरची रांग. उजव्या विंगेतून घरमालक गोटीरामशेठ प्रवेश करतात. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, चेहऱ्यावर सगळं कळल्याचा भाव.

चाळीस वर्षांत मी पुष्कळ मूर्ख राजे रंगवले, पण हा भाव मला कधी साधला नाही. तो साधायला आतून तितकंच रिकामं असावं लागतं.

जासईची त्यांची भातशेती सरकारनं घेतली, बदल्यात इथे भूखंड मिळाला, त्यावर बिल्डरनं इमारत बांधली. तेव्हापासून शेठना वाटतं की ती त्यांच्या अकलेवर उभी आहे. तसा माणूस दुष्ट नाही. मी भाडेकरू म्हणून आलो तेव्हा माझे जुने मुकुट आणि तलवारी ठेवायला त्यांनी गच्चीवरची खोली न मागता उघडून दिली. म्हणून हात जरा आखडूनच लिहितो आहे.

टाक्या होत्या जागृतीच्या. ही तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास करते. तिचे मासे बोटाएवढे, अंगावर एक काळी रेघ. निम्मे कोकणातल्या ओढ्यांतले, निम्मे घाटापलीकडचे. दिसायला अगदी जुळे. पण मध्ये लाखो वर्षं डोंगर उभा. इकडच्याची तिकडच्याशी जोडी लावली की अंडी फळायची आणि तिसऱ्या दिवशी पांढरी पडायची. एखादं पिल्लू जगलंच, तर त्याला पुढे पिल्लं होत नसत.

मला तिचं म्हणणं लगेच उमगलं. एकच नाटक दोन मंडळ्यांनी घेतलं. पुढे एकीनं पहिला अंक बदलला, दुसरीनं तिसरा. आपापल्या जागी दोन्ही प्रयोग उत्तम रंगतात. पण दोघींचे नट एका रात्री एकत्र उभे केले, तर एकाचं वाक्य दुसऱ्याला उचलताच येत नाही. चूक कुणाचीच नसते, प्रयोग मात्र बंद पडतो.

शेठनीही हे सगळं ऐकलं होतं. त्यातून त्यांनी एकच शब्द उचलला. घाट.

कारण त्यांच्या धाकट्या नमितानं साताऱ्याकडचा सौरभ पसंत केला होता. दोघं एकाच मालवाहतुकीच्या ऑफिसात कामाला. पोरगी हट्टाला पेटलेली, आणि शेठना घाटावरचा जावई नको होता. पण नको म्हणायला कारण सापडत नव्हतं, कारण मुलगा सरळ होता. त्या रविवारी खाली शेठच्या घरी बोलणी होती. सौरभचे आईवडील पहाटे निघून आले होते, आणि मध्यस्थ म्हणून मला बसवलं होतं. चहा होताच शेठ सगळ्यांना जिन्यानं वर घेऊन गेले आणि एका टाकीवर त्यांनी अंगठीनं टकटक केलं. तळाशी कापसासारखी पांढरी अंडी.

“बगा. ही अलीकडची, तो घाटी. काय झालं? सायन्स हाय, माज्या घरचं नाय.”

सौरभच्या वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. नमिताकडे मला बघवेना. असला हलका डाव मी रंगमंचावरही कुणी टाकलेला पाहिला नाही. परक्या पोरीच्या चार वर्षांच्या मेहनतीचा दगड करून तो पाहुण्यांवर भिरकावायचा, आणि वर त्याला विज्ञान म्हणायचं!

जागृती शांतपणे म्हणाली की काका, हे मासे लाखो वर्षं वेगळे आहेत, माणसं नाहीत. माणूस घाट चढतो, उतरतो, लग्नं करतो. त्याची एकच जात, इकडे काय नि तिकडे काय. शेठनी हात झटकला. भाडेकरूंनी शिकवायचं का आता, असं पुटपुटले.

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. शेठची आई बायजाबाई, वय शहाऐंशीच्या पुढे, गुडघे धरत धरत वर आली. ही बाई इथल्याच, घाटाखालच्या चिरनेरची, असं शेठ गावभर सांगत. तिनं टाकीत डोकावून पाहिलं, मग लेकाकडे.

“गोट्या, मी घाटावरची, जुन्नरची. दुस्काळात बापासंगं मिठागरावर आलेली. तुज्या बापानं ठेवून घेतली, तुमी पाच जन झालात. तुला तीन पोरी हायत. तू कुटं पांढरा पडलास?”

सौरभची आई तोंडाला पदर लावून हसली. नमिता उघड हसली. शेठ मात्र माशांकडेच बघत राहिले. माफी त्यांना मागता येत नाही. त्यासाठी मान खाली घालावी लागते, आणि साखळी आड येते. पाहुण्यांना त्यांनी पुन्हा खाली नेलं, सुपारी पुढे सरकवली. माझ्यासमोर ती फुटली. मग व्याह्यांच्या कानाशी वाकून, मोठी सवलत दिल्याच्या थाटात म्हणाले,

“तारीख तुमी काडा. पन मटनात तुमचा घाटावरचा शेंगदान्याचा कूट नको, सांगून ठेवतो.”