शेरूच्या खाद्याची चव

कुत्र्याचं खाद्य चवीला वाईट नसतं. फक्त मीठ कमी असतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो. आमच्या शेरूचे केस झडू लागले, बरगड्या दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "खाद्य बदला. पिशवीवरचं चित्र बघू नका, घटक वाचा. यादीत मांस पहिलं हवं, प्रथिनं आणि चरबीचा मेळ हवा." शेरूवर माझा भारी जीव. तडक दुकानात गेलो आणि कोंबडीचं झोकदार चित्र असलेली पिशवी आणली! (घटक वाचायला चष्मा लागतो, आणि तो घरी होता.)

नेमके त्याच दिवशी मुरगूडहून सासरे आले. सगळी हयात म्हशींत गेलेली. मला पिशवी वाचायला चष्मा शोधताना बघून म्हणाले, "पावणं, खाद्य वाचून कळतंय व्हय? आमी पेंड घेताना चिमूटभर तोंडात टाकून बघतोय. कुबट हाय का, वाळू हाय का, लगीच कळतंय की!"

"मग बघा की, मामा."

"बघितलं असतं. पर कवळी मुरगुडात ऱ्हायली."

घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेरूनंसुद्धा! सासऱ्यांचा शब्द कसा मोडणार? टाकले चार दाणे तोंडात.

"कसं लागतंय?"

"मक्याच्या भरड्यासारखं."

"कुत्रं पाळलंय का म्हस?"

चष्मा लावून वाचलं. पहिला मका, मग गव्हाचा कोंडा, आणि कोंबडी पार तळाला, मिठाच्याही खाली! पिशवी परत गेली, दुसरी आली. ती कुबट. तिसरी आली तोवर दारात गल्ली जमली होती. समोरच्या वहिनी वाटी घेऊन पुढं आल्या, "भावजी, आमच्या मोत्याचं पण जरा चाखून सांगता का?"

शेवटी एक पिशवी पास झाली. मांस पहिलं, मेळ नीट, चव (माझ्या मते) उत्तम. शेरूपुढं वाडगा ठेवला. तो हुंगून माझ्याकडे बघत बसला. खाईना! हेही नाही खाल्लं तर पोराचं व्हायचं कसं? न राहवून मी वाडग्यातला दाणा चावून दाखवला. त्याबरोबर शेरूनं वाडगा चाटूनपुसून साफ केला.

आता त्याचे केस झक्क चमकतात. परवा डॉक्टरांनी विचारलं, "जेवतो ना व्यवस्थित?"

बायको म्हणाली, "जेवतोय की! फक्त आधी ह्यांनी खाल्ल्याबिगर तोंड लावत न्हाई."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जंताच्या गोळ्या दोघांनाही लिहून दिल्या.