हरणाचे पाय

अमेरिकेत ओक्लाहोमात मुलीकडे गेलो असताना तिथल्या कायोवा या आदिवासी लोकांच्या नृत्यमेळ्यात एक तरुणी हरणाच्या कातड्याचा पोशाख घालून उभी होती. पिवळ्या मातीने रंगवलेला तो पोशाख दुपारच्या उन्हात आतूनच उजळल्यासारखा दिसत होता. खालची कड मात्र वेडीवाकडी होती आणि जागोजाग लोंबत होती.

"बाबा, कड सरळ कापायची राहून गेलेली दिसते," जावई म्हणाले.

"जावईबापू, चाळीस वर्षे मी कातडी कमावली आहेत. ते हरणाच्या पायांचे कातडे आहे. आमच्याकडे ते आधी छाटतात. कमावलेल्या कातड्यात जनावर उरत नाही, आणि उरूही नये."

माझे हे मत आजवर कोणी खोडून काढलेले नाही. पोशाख त्या तरुणीच्या मावशीने शिवला होता. माझ्या मुलीने माझे म्हणणे त्या मावशीला इंग्रजीत सांगितले. ती बाई मनापासून हसली.

"तुझ्या वडिलांना विचार, पाय छाटले तर हरीण हिच्याबरोबर नाचणार कसे?"

मी उत्तर जुळवू लागलो, तोच ढोल वाजला. तरुणी संथपणे पावले टाकू लागली. तिच्या प्रत्येक पावलासरशी ते लोंबते पाय हलत, गवताच्या शेंड्यांना स्पर्शत आणि पुन्हा उचलले जात. पाहता पाहता मला माझ्या कारखान्याचा कोपरा दिसू लागला. तेथे छाटलेल्या पायांचा ढीग होता आणि त्याला आम्ही कचरा म्हणत असू.

त्या बाईला द्यायचे उत्तर मी अजून जुळवतोच आहे.