उघड्या वायफायवरचं बारसं

भाच्याचं बारसं बेंगळुरूला होतं आणि मी अहेरीत पाय प्लास्टरमध्ये घालून बसले होते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. भाऊ म्हणाला, फोनवरच सांग, आम्ही फोन त्याच्या कानाला लावतो. मी साफ नाही म्हटलं.

"ज्याचं तोंड पाह्यलं नाई, त्याच्या कानात काय सांगू मी?"

स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरंच. आमच्या घरातले फोन साधे, बटणांचे; शेवटी भावाने कॅमेरा असलेला नवाकोरा लॅपटॉप कुरियरने चंद्रपूरपर्यंत पाठवला, आणि माझे यजमान बसचे धक्के खात तो मांडीवर घेऊन आले.

घरात त्यांच्या टायपिंगच्या कामाचा जुना कॉम्प्युटर होता आणि सेकंडहँड राउटर. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून राउटर देवांशेजारी कोनाड्यात ठेवलेला. रोज त्यालाही उदबत्ती मिळायची. लॅपटॉपला राउटर दिसत होता, पण पासवर्ड टाकला की गाडी अडायची. थेट वायर जोडावी, तर त्या पातळ लॅपटॉपला वायर खुपसायला जागाच नव्हती. यजमानांनी राउटर बंद करून चालू केला, त्यावरचं कुंकूसुद्धा पुसलं.

"पासवर्ड बरोबर हाये, मंग काऊन नाई लागून राह्यलं?"

तिकडे पाळणा सजला होता. भावाची सासू म्हणाली, मुहूर्त टळतो आहे, मावशीच सांगेल नाव. फोनवर ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर मला भीती वाटली होती, की आता ह्या बाळाची मी कोणीच लागणार नाही.

भावाने राउटर किती जुना ते विचारलं. मग म्हणाला, "भाऊजी, त्याची पासवर्डची पद्धत जुनी झाली. नव्या लॅपटॉपचं त्याच्याशी जमून नाई राह्यलं. पासवर्डच काढून टाका."

"म्हणजे घर सताड उघडं ठेवाचं?"

आंघोळीला जातानाही कपाटाला कुलूप लावणारा हा माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जुन्या कॉम्प्युटरवर बसले आणि पासवर्ड काढून टाकला. लॅपटॉप लगेच जोडला गेला.

चित्र आलं, अडकलं, परत आलं. बाळाचं नाक थेट आमच्या बाबांचं. भावजयीने बाळाला जवळ आणलं. मी लॅपटॉपला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका नव्हत्या, म्हणून ते काम यजमानांनी केलं, जरा जोरातच.

मान वर केली तर बाळ हलत नव्हतं. मूठ वर तशीच, डोळे तसेच.

"अडकलं मेलं पुन्हा!" मी चिडले. नाव पोचलंच नसणार.

मग बाळामागे पंखा फिरताना दिसला. भावजय पदर सावरत होती. चित्र अडकलंच नव्हतं. तो ऐकत होता.