छतावरची बांधी

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. सिहोऱ्याकडचं तलावाकाठचं रेस्ट हाउस कुणी पाडलं, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, शासनाने. त्या दिवशी शासन म्हणजे मी होतो.

गोंदिया जिल्हा नुकताच भंडाऱ्यातून वेगळा झाला होता. मी बांधकाम खात्यात उपअभियंता, मूळचा सांगलीचा, भंडाऱ्यात नवा. रेस्ट हाउस जुन्या मॉडर्न पद्धतीचं : सपाट काँक्रीट छत, तलावाच्या बाजूला भिंतीऐवजी काच. ते जपायचं की पाडायचं, हे माझ्या पाहणीवर ठरणार होतं. चौकीदार शामराव मागच्या खोलीत बायकोसह राहत.

शिडी डुगडुगत होती. मी खालूनच विचारलं, "वर पाणी साचतं का?"

"साचते ना, सायेब. बांधीच हाये वरतं. चार बोटं पानी, उनाराभर हटत नाही."

ते कौतुकाने सांगत होते. मला तक्रार वाटली. भर उन्हाळ्यात पाणी येतं कुठून, हा प्रश्नही पडला नाही. मी 'शिकस्त' असा शेरा मारला. म्हणजे इमारत वापरायला धोकादायक. हा शब्द फाइलवर चढला की उतरत नाही.

महिन्याभराने मूळ नकाशा आला. विभागणीत तो गोंदियाच्या कपाटात गेला होता. त्यावर टीप होती : खोल्या थंड राहण्यासाठी उन्हाळ्यात छतावर पाणी भरून ठेवावे. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत, हे मला ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं. शामराव रोज बादल्या वर नेत होते.

नकाशा घेऊन मी कार्यकारी अभियंत्यांकडे गेलो.

"आता काय लिहिणार? वर चढलोच नाही म्हणून?"

मी नकाशाची घडी घातली.

"मग नकाशा उशिरा आला असं समजा."

मी तसं समजलो.

छत फोडायला दोन दिवस धरले होते. अकरा लागले. ठेकेदार म्हणाला, "काहून पाडून राहिले, साहेब? हे तर आपल्याले पुरून उरलं असतं." छताचा रिपोर्ट छतावर जाऊन लिहावा, एवढं मी शिकलो.

शामरावांची खोलीही गेली. ते मोहाडीला मुलीकडे राहायला गेले. माझ्या निवृत्तीनंतर, ते वारले त्याच्या आधी, मी एकदाच त्यांना भेटलो. खिशात नकाशाची झेरॉक्स होती.

"मीच बोललो ना सायेब, पानी साचते म्हनून," ते म्हणाले. "माह्याच तोंडानं गेलं ते घर. तुमी काय करान?"

मी म्हणालो, चहा चांगला झालाय.